जुनी पितळी भांडी ऑनलाइन विकतेय, पण हातात काही उरत नाही. नाशिककरांनो, जरा सल्ला द्या

सिडकोची_सून

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या आत्येसासूबाईंच्या जुन्या नाशकातल्या वाड्याला महापालिकेची धोकादायकची नोटीस आली. तशी ती दरवर्षीच येते म्हणा, पण या वेळी मागच्या भिंतीला खरंच पोट आलं होतं, मग सगळ्यांनी मिळून आत्यांना फ्लॅटवर हलवलं आणि माळा रिकामा करायला मी आणि आमचे हे गेलो. एक तांब्याचा बंब, दोन घंगाळी, पाच हंडे, कळश्या, चार समया, पानाचा डबा, एक परात तर एवढी मोठी की तिच्यात तान्हं मूल आडवं झोपेल, आणि तांबे-फुलपात्री किती ते मोजलंच नाही. भांडीबाजारात विचारलं तर सरळ तराजूवर, पितळ किलोला 480. आत्या म्हणाल्या, "माझ्या आईचा बंब मोडीत घालणार का गं?" झालं, तिथेच आमचा मोडीचा बेत संपला.

मग मी बाल्कनीत एक जुनी नऊवारी टाकून तिच्यावर एकेक भांडं ठेवून फोटो काढले आणि ओएलएक्सवर नि फेसबुक मार्केटप्लेसवर टाकले. पंधरा दिवसांत नऊ वस्तू गेल्या! बंब गंगापूर रोडच्या एका कॅफेवाल्याने साडेसहा हजारांना नेला, आता त्यात मनीप्लांट लावलाय. आत्यांना ते अजून सांगितलेलं नाही.

हे बघून बिल्डिंगमधल्या काकू आल्या, मग त्यांच्या नणंदबाई, मग पाथर्डी फाट्यावरून कोणीतरी. मी इन्स्टावर पेज काढलं आणि लोकांकडून विकत घ्यायला लागले. आता चौदा महिने झालेत, साठच्या वर वस्तू विकल्यात, आणि परवा ह्यांनी वही घेऊन हिशोब मांडला तर आम्ही दोघंही गप्प बसलो. एकच उदाहरण देते. घंगाळ, वजन सव्वाचार किलो. मोडीपेक्षा थोडं जास्त म्हणून मी 2500 ला घेतलं, पॉलिशवाल्याला 250, खोका आणि बबल रॅप 150, पुण्याला कुरियर 900, विकलं 4500 ला घरपोच. राहिले 700. त्यासाठी तीन आठवडे बेडरूममध्ये अडचण, दोनशे मेसेज ("लास्ट किती?" हा तर राष्ट्रीय प्रश्न आहे), आणि दोनदा पॉलिशवाल्याकडे हेलपाटा. एका कुरियरवाल्याने तर एका समईची मान मोडून पोचवली, भरपाई मागितली तर म्हणे पॅकिंग तुमचं.

त्यात मध्ये एकदा फसता फसता वाचले. एकाने फोन केला, मिलिटरीत आहे, देवळालीला बदली झालीये, चारही समया पाहिजेत, घासाघीस अजिबात नाही, मला तेव्हाच कळायला हवं होतं. क्यूआर कोड पाठवला आणि म्हणे स्कॅन करून पिन टाका, लगेच पैसे जमा होतील. मी पिन टाकायला घेतलाच होता, तेवढ्यात लेक ओरडली, आई पैसे घेताना पिन लागतच नाही!

तर प्रश्न असा की हे चालू ठेवू की बंद करू? चालू ठेवायचं तर कसं बदलू? आणि जीएसटी वगैरे मला लागतो का, कारण गिऱ्हाइकं बंगळूर-हैदराबादहून पण विचारतात. घरात अजून बावीस नग पडून आहेत, सासूबाई रोज त्यांना ठेचकाळतात.

---

भांडीबाजारातला

ताई, आमचं तिसऱ्या पिढीचं दुकान आहे त्यामुळे स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुम्ही आमचाच धंदा करताय फक्त उलट्या बाजूने. आम्ही वजनावर घेतो आणि वजनावरच सोडतो, भाव रोज हलतो म्हणून माल आमच्याकडे थांबत नाही. तुम्ही वजनावर घेता आणि रूपावर विकता, हे चांगलंय, पण रूपावर विकायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ तुमचे पैसे त्या घंगाळात बसून राहतात. बावीस नग म्हणजे निदान चाळीस हजार तरी जमिनीवर पडलेत तुमचे.

दुसरं, सगळंच पितळ सारखं नसतं. घेताना भांडं उलटं करून उन्हात धरायचं. ठोक्याचं असेल तर ठोके एकसारखे नसतात, हाताने मारलेले ते, बोट फिरवलं की कळतं. पत्र्याचं, साच्यावर दाबलेलं असेल तर रेघा गोल गोल, एकसारख्या. ठोक्याच्याला दुप्पट मागा, लोक देतात. तांबट आळीत पूर्वी दिवसभर ठोक्यांचा आवाज असायचा, आता हाताने करणारे थोडेच उरलेत त्यामुळे तसा माल नवीन मिळत नाही, मिळाला तर महाग. खिशात एक लोहचुंबक ठेवा. चिकटलं तर आत लोखंड आणि वरून पितळेचा मुलामा, परत द्या. आणि हल्ली नवीन माल ॲसिडने काळा करून जुना म्हणून फिरवतात, त्याची खूण म्हणजे काळेपणा सगळीकडे सारखा असतो. खऱ्या जुन्या भांड्याचा काठ आणि कडी हात लागून लागून झिजलेली असते, काळं फक्त खोबणीत राहतं.

पॉलिशवर 250 घालवू नका, निदान प्रत्येकावर तरी नाही. घ्यायला येतात त्यांना तो जुना रंगच हवा असतो. चिंच-मीठ, नाहीतर पितांबरी लावा आणि सोडून द्या.

आणि एक महत्त्वाचं. जे गिऱ्हाईक त्यात स्वयंपाक करणार त्याला सांगून टाका की कल्हई, म्हणजे आतून कथलाचा लेप, केल्याशिवाय वापरू नका. बिनकल्हईच्या पितळेत ताक-आमटी कळकते हे आपल्या आज्यांना माहीत होतं, तिशीतल्या पोरांना कोण सांगणार. तळाला डाक, म्हणजे वितळवून लावलेला सांधा, असेल तर त्या भांड्यात खायचं-प्यायचं नाहीच, डाकात शिसं असतं. ते कुंडी म्हणूनच विका.

---

हिशोबाची_वही

जीएसटीचं मी सांगते, सीएकडे आर्टिकलशिप केलीये, तरी शेवटी तुमच्या सीएला एकदा विचारून घ्या.

स्वतःच्या घरचं जुनं सामान विकणं हा धंदा धरत नाहीत, पण तुम्ही आता घेऊन विकताय, म्हणजे हा व्यापार झाला. महाराष्ट्रात मालाच्या व्यवहाराला वर्षाची उलाढाल 40 लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, तुम्ही तिथून फार लांब आहात. पण खरी मेख बंगळूर-हैदराबादची आहे. राज्याबाहेर माल विकला की ही 40 लाखांची सवलत तुमच्या कामाची राहत नाही, पहिल्या पार्सलपासून नोंदणी. म्हणून नोंदणी नको असेल तर सध्या महाराष्ट्रातच विका. मोठ्या शॉपिंग साइटवर विक्रेता म्हणून जायचं असेल तरी 1 ऑक्टोबर 2023 पासून राज्यातल्या राज्यात विनानोंदणी विकता येतं, त्यासाठी पोर्टलवरून एक एनरोलमेंट नंबर घ्यावा लागतो एवढंच.

पुढे कधी नोंदणी केलीच तर जुन्या मालासाठी मार्जिन स्कीम आहे, नियम 32 पोटनियम 5. म्हणजे 2500 ला घेतलं 4500 ला विकलं तर कर पूर्ण 4500 वर नाही, मधल्या 2000 वर. अट एवढीच की वस्तूचं रूप बदलायचं नाही, साफसफाई चालते, आणि खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट घ्यायचं नाही. पण त्यासाठी खरेदीचा कागद हवा, तुमच्याकडे आहे का? मला शंकाच आहे. आजपासून एक वही घाला, कोणाकडून घेतलं, तारीख, वजन, रक्कम, सही, आधारची झेरॉक्स. हे नुसतं करासाठी नाही, चोरीचा माल निघाला तर तुम्ही कुठून आणला हे दाखवता आलं पाहिजे. देवळातली घंटा, देवाची मूर्ती, पादुका असलं काही कोणी पिशवीतून घेऊन आलं तर कितीही स्वस्त देऊ दे, हात लावू नका.

तुमचं पेज शोधून बघितलं (सापडलं, फोटो भारी आहेत). त्यात तीन ठिकाणी "150 वर्षं जुना अँटिक" लिहिलंय, ते आज रात्रीच काढा. 1972 चा पुरावशेष कायदा आहे, शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तू त्याच्यात येऊ शकतात, त्यांच्या धंद्याला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. तुमची कळशी 1950 ची असेल हो, पण तुम्ही स्वतःच 150 लिहून ठेवलंत तर मग तुम्हीच सांगा कोणाला काय पटवणार. वर्ष माहीत नसेल तर लिहायचं नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, करून टाका, फुकट आहे, आधार-पॅनवर सरकारी साइटवर दहा मिनिटांत होते, पैसे मागणाऱ्या खाजगी साइट्स आहेत तिकडे जाऊ नका. बँकेत करंट खातं उघडायला उपयोगी पडते.

---

पंचवटीकर72

मी जरा वेगळं सांगतो, कारण हाच खड्डा मी खणून बघितलाय.

लॉकडाऊन उठल्यावर लोकांनी घेतलेल्या ट्रेडमिल, सायकली सगळं विकायला काढलं. मला वाटलं, काय चान्स आहे! वीस हजारांची ट्रेडमिल सहाला मिळतेय, दहाला विकू. आडगाव नाक्याजवळ गाळा घेतला 7000 भाड्याने. पहिल्या दोन महिन्यांत सात गेल्या, मी हवेत. मग कळलं की ज्याला घ्यायची होती त्याने घेतली, आणि विकणारे मात्र येतच राहिले. गाळ्यात अकरा ट्रेडमिल, भाडं चालू, एकीची मोटर जळालेली, बायको येऊन म्हणाली निदान कपडे तरी वाळत घालू. वर्षभरात 90 हजार घालवले आणि शेवटी लोखंडाच्या भावात दिल्या.

चूक एकच होती, मी विकत घेत होतो. नंतर मित्राच्या सायकली विकून दिल्या तेव्हा उलटं केलं, माल त्याच्याच घरी, फोटो-जाहिरात-बोलणं माझं, विकली की चौथा हिस्सा माझा. ना गाळा ना अडकलेले पैसे. तुम्ही पण तेच करा ताई. लोकांना सांगा मी घेणार नाही, विकून देईन. 60 दिवसांची चिठ्ठी करायची, कमीत कमी किती हवेत ते आधी लिहून घ्यायचं, कुरियर गिऱ्हाइकाचं. तुमचंच घंगाळ धरा. 3200 ला विकलं तर तुम्हाला 800, मालकाला 2400. तुमच्या 700 पेक्षा जास्त आणि खिशातून एक रुपया न घालता.

---

सिडकोची_सून

@पंचवटीकर72 दादा ट्रेडमिलचं वाचून हसू आलं, सॉरी. पण 2400 मिळणार आणि तेही दोन महिन्यांनी, तर लोक देतील का? बाजारात आत्ताच्या आत्ता रोख 2000 मिळतात.

@हिशोबाची_वही बापरे. 150 वर्षं काढलं लगेच. मला वाटायचं सगळे लिहितात तसं लिहायचं असतं.

---

पंचवटीकर72

ज्याला रोखीची घाई आहे त्याला बाजारात जाऊ द्या की. तुमच्याकडे येतो तो आत्येसासूबाईंसारखा येतो, त्याला मोडीत घालवत नाही म्हणून येतो. त्याच्यासाठी दोन महिने काही नाहीत, वीस वर्षं माळ्यावर होतंच ना.

---

देवळालीचा_नाना

कुरियरबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. ते लोक वजन आणि आकार दोन्ही बघतात, जे जास्त येईल ते लावतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये आणि भागिले 5000. घंगाळाचा खोका 45 बाय 45 बाय 25 धरला तर सव्वादहा किलोच्या आसपासचं बिल, आणि घंगाळ तुमचं सव्वाचार किलो! म्हणजे तुम्ही सहा किलो हवा पुण्याला पाठवलीत. मोठी पोकळ भांडी पाठवूच नका, ती फक्त नाशकात, येऊन घेऊन जा म्हणायचं, किंवा पुण्या-मुंबईला ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकायची, द्वारका चौक नाहीतर मुंबई नाक्यावरून, समोरचा उतरवून घेतो. पाठवायचे ते तांबे, वाट्या, अडकित्ते, पानाचे डबे. छोटं, भरीव. हंड्यात कळशी, कळशीत तांबा, मध्ये जुन्या चादरी कोंबून सेट करून विकला तर मग परवडतं.

आणखी एक. आमच्या पुतणीच्या हळदीला डेकोरेशनवाल्याने घंगाळ, दोन समया, तांब्या-भांडं आणि परात आणली होती, नुसतं ठेवायचे 2500 लावले एका दिवसाचे. घंगाळात पाणी आणि झेंडूच्या पाकळ्या, बस. विकता कशाला, भाड्याने द्या! एकच घंगाळ लग्नसराईत दहा वेळा जाईल. डिपॉझिट मात्र घ्या तगडं.

आणि सिंहस्थ येतोय, ऑगस्ट-सप्टेंबर 2027 मध्ये शाहीस्नानं, लाखो लोक गंगाजल न्यायला तांब्याचे गडू घेणार, आत्तापासून माल भरला तर चांदी आहे.

---

भांडीबाजारातला

नाना भाड्याचं एक नंबर, पण सिंहस्थाचं ऐकू नका ताई. ते गडू नवीन असतात, पातळ पत्र्याचे, हजारांच्या लॉटमध्ये येतात आणि नगामागे दहा-वीस रुपयांच्या फायद्यावर चालतात. त्यात सगळी गल्ली उतरणार आहे, आम्ही पण. तुम्ही बेडरूममध्ये हजार गडू कुठे ठेवणार? सासूबाई आधीच ठेचकाळताहेत. तुमच्याकडे जे आहे ते आमच्याकडे नाही, ते म्हणजे त्या भांड्याचं घर कोणतं हे तुम्हाला माहीत असतं. आमच्याकडे तराजूवर चढलं की त्याची जात पितळ, बाकी काही नाही.

भाड्याने दिलेल्याचा फोटो देताना आणि घेताना काढा, दोन्ही वेळा बुडाचा पण. पोचा बुडालाच येतो. आणि हळद लागलेलं घंगाळ त्याच दिवशी धुवा, नाहीतर डाग धरतं.

---

सिडकोची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार, तीन महिन्यांनी परत आलेय.

खरेदी पूर्ण बंद केली. बावीसपैकी दहा नग मोठे आणि पोकळ होते, त्यातले सहा नाशकातच दिले, घेतलेल्या किमतीला किंवा शे-दोनशे कमीला, जीव तुटला पण जागा झाली. दोन चुंबकाला चिकटले!! एक समई मी स्वतः 900 ला घेतली होती, आत चक्क लोखंड. ती आता टीव्हीशेजारी आहे, शिक्षा म्हणून.

चिठ्ठीवर 17 वस्तू आल्या, 11 विकल्या गेल्या. माझा वाटा जेमतेम 8000 झाला, पण घरातून एक रुपया गेला नाही आणि ह्यांनी वही बघून मान हलवली, वर-खाली. तीन जणांनी दोन महिने थांबायला नाही म्हटलं, त्यांना सरळ भांडीबाजाराचा रस्ता दाखवला. राज्याबाहेरच्यांना सध्या नम्रपणे नकार.

भाड्याचं मात्र वाटलं त्यापेक्षा बरं चाललंय. पाच वस्तूंचा हळदीचा सेट, दिवसाला 1500, डिपॉझिट 5000, आणणं-नेणं त्यांचं. तुळशीच्या लग्नानंतर सात वेळा गेला. एकदा परातीला पोचा आला, बुडालाच, फोटो होते म्हणून 400 कापून घेता आले.

एक सांगायचं राहिलं. इंदिरानगरच्या एका काकांनी कळशी आणली होती, गळ्याला ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेलं, खाली "मामाकडून" आणि 1961 ची तारीख. काका म्हणाले दुसऱ्याचं नाव कोण घेईल, घासून काढा. मी पॉलिशवाल्याकडे टाकली, त्याने चाकावर धरून अर्धं नाव उडवलं आणि त्याच संध्याकाळी काकांच्या बहिणीचा फोन, ते नाव आईचं आहे, कळशी मला हवी. मी धावत गेले तर "मामाकडून" तेवढं शिल्लक. तशीच नेऊन दिली, पैसे घेतले नाहीत, त्यांनी दार लावून घेतलं. आता चिठ्ठीत एक ओळ वाढवलीये, नाव असलेलं भांडं घरातल्या सगळ्यांना विचारल्याशिवाय घेणार नाही आणि घासणार तर नाहीच. गंमत म्हणजे नावाचीच भांडी आधी जातात, ठाण्याच्या एका मुलीने तर विचारलं की "मामाकडून" वाली अजून आहेत का.

आत्यांचं दुसरं घंगाळ लिस्टिंगमधून काढलंय, ते फक्त भाड्याने.

बाकी सिडको-इंदिरानगर भागात कोणाला चांगला कल्हईवाला माहीत असेल तर कळवा, आमचा गावी गेलाय, आणि दोन पातेली त्याच्याच वाटेकडे डोळे लावून बसलीत.

---

देवळालीचा_नाना

आमच्याकडे एक येतो, गुरुवारी, सायकलवर भाता बांधून. फोन वापरत नाही. पातेली घेऊन या, आठच्या आत, चहा आमच्याकडे.